फोनमधले ग्रंथालय आणि वाचकाची खूण



मागच्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावी माझे जाणे झाले. तिथल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी माझे जुने स्नेही. शाळेत पुस्तकांचे कपाट एकच, आणि त्यातली पुस्तके मुलांनी वाचून वाचून खिळखिळी केलेली. म्हणून गुरुजींनी एक युक्ती योजली होती. ज्यांच्यावरचा लेखनहक्क कायद्याने संपला आहे अशी चाळीस-पन्नास मराठी पुस्तके त्यांनी फोनवर उतरवून घेतली आणि ज्या मुलांच्या घरी फोन आहे त्यांना ती देऊन टाकली. आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो होतो, तोच सातवीतली एक मुलगी आईचा फोन हातात धरून आली. चेहरा अगदी रडवेला. म्हणाली, "गुरुजी, माझं पान हरवलं."

गुरुजींनी फोन पाहिला. साने गुरुजींचे 'श्यामची आई' उघडलेले होते, पण पहिल्याच पानावर. झाले होते असे, की रात्री आईने भावाशी बोलायला फोन घेतला, कोणाच्या तरी बोटाने अक्षरे लहानमोठी करण्याचे बटण दाबले गेले, आणि मुलगी कुठवर आली होती हे ते ॲप साफ विसरून गेले. गुरुजींनी विचारले, "कितव्या पानावर होतीस गं?" ती म्हणाली, "पान नाही आठवत. पण नववी रात्र चालू होती."

'श्यामची आई' ज्यांनी वाचले आहे त्यांच्या लगेच ध्यानात येईल. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून त्या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' असेच नाव आहे. गुरुजींनी अनुक्रमणिका काढली, नववी रात्र उघडून दिली, आणि मुलगी उड्या मारीत निघून गेली. मी मात्र विचारात पडलो. हुशार म्हणवणारे यंत्र जे विसरले, ते त्या पोरीने दोन शब्दांत ध्यानात ठेवले होते. आणि गुरुजी त्या दिवशी घरी नसते तर? तिने दोनदा पान शोधले असते, तिसऱ्यांदा पुस्तक सोडून दिले असते. वाचनाची गोडी लागण्याच्या वयात ती अशा किरकोळ कारणानेच सुटते.

आज याच विषयावर मला आपल्याशी थोडे बोलायचे आहे. फोनवर पुस्तके ठेवण्यासाठी आणि वाचण्यासाठी जी ॲप निघाली आहेत, ती कशी घडवावीत? आणि घडवलेल्यांतून आपण कोणते पसंत करावे? मी मराठीचा अध्यापक. यंत्रविद्या माझा विषय नव्हे. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात असली ॲप तयार करण्याचेच काम करतो. गावाहून परतल्यावर मी त्याला घरी बोलावले, मुलीची हकीकत सांगितली, आणि चार संध्याकाळी त्याच्याकडून हा विषय समजावून घेतला. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी पुस्तकाचाच विचार करू. फोनवरचे पुस्तक मुख्यतः दोन जातींचे असते. एका जातीला पीडीएफ म्हणतात, दुसरीला ईपब. पीडीएफ १९९३ साली निघाले. कागदावर पान जसे छापले जाईल तसेच ते पडद्यावर दिसावे, रेसभरही हलू नये, हा त्याचा हेतू. परिपत्रके, प्रश्नपत्रिका, नकाशे यांना ते उत्तम. पण गोष्टीच्या पुस्तकाचे पान असते साधारण साडेपाच इंच रुंद, आणि आपल्या फोनचा पडदा असतो पावणेतीन इंच. अख्खे पान त्यात बसवायचे म्हणजे अक्षर निम्म्यावर आले. चष्मा लावूनही ते वाचवत नाही. बरे, अक्षर मोठे करावे तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला पान बोटाने इकडून तिकडे ओढत बसावे लागते. असे दोनशे पानांचे पुस्तक कोण वाचील?

ईपबची तऱ्हा निराळी. हा प्रकार २००७ साली प्रमाण म्हणून ठरला, आणि २०१७ पासून वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही आंतरराष्ट्रीय संस्था त्याची देखभाल करते. ईपबची फाइल म्हणजे गच्च बांधलेले एक गाठोडे समजा. त्यात प्रकरणांचा मजकूर वेगळा, चित्रे वेगळी; पुस्तकाचे नाव, लेखक, भाषा यांची चिठ्ठी वेगळी; आणि प्रकरणे कोणत्या क्रमाने वाचायची याची एक यादी. यातला मजकूर पाण्यासारखा असतो. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप लहान होऊन खाली उतरतात, ओढाओढ करावी लागत नाही. म्हणून फोनवर वाचायला ईपब हे अधिक सोयीचे.

पण मजकूर पाण्यासारखा झाला, की पान नावाची वस्तूच उरत नाही. आपल्या मुलीचे दुखणे इथे आहे. बारीक अक्षरात जे पुस्तक दीडशे पडद्यांत संपते, तेच मोठ्या अक्षरात चारशे पडदे घेते. मग 'पान बहात्तर' याला काय अर्थ राहिला? जे ॲप वाचकाची जागा पानाच्या आकड्याने लक्षात ठेवते, ते अक्षराचा आकार बदलताच गोंधळणार आणि वाचकाला भलतीकडे नेऊन सोडणार.

यावर उपाय काय? गंमत अशी, की हा उपाय आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारे आजोबा आठवा. त्यांची पोथी मोठ्या टायपाची, शेजारच्यांची बारीक टायपाची. पाने कधीच जुळायची नाहीत. पण कोणाचे काही अडले का? अध्याय अमुक, ओवी अमुक, एवढे सांगितले की झाले. हाताने लिहिलेली पोथी असो, शिळाप्रेसवर छापलेली असो की आजचे पुस्तक असो, अठरा अध्यायांतली कोणतीही ओवी कोणालाही सापडते. कारण ती खूण कागदाची नसून मजकुराची आहे. कागद बदलला तरी मजकूर बदलत नाही.

चांगल्या ॲपने नेमके हेच करायचे असते. कितवे प्रकरण, त्यातला कितवा परिच्छेद, त्यातले कितवे अक्षर, अशी खूण त्याने लिहून ठेवावी. मग अक्षर लहान करा, मोठे करा, फोन आडवा धरा, उभा धरा. वाचक त्याच वाक्यावर राहील. अशी खूण लिहिण्याची ठरलेली रीत ईपबच्या नियमांत आहेच. ती वापरायची एवढेच काम. आमच्या मुलीने 'नववी रात्र' म्हटले तेव्हा ती नकळत याच शास्त्राने बोलत होती.

खूण कशी लिहायची हे झाले. ती केव्हा लिहायची हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. आपण पुस्तक मिटताना खूण घालतो. फोनवर 'मिटणे' अशी वेळ येईलच असे नाही. मधेच कोणाचा फोन येतो, बॅटरी संपते, किंवा फोनची स्मरणशक्ती अपुरी पडली की मागे राहिलेले ॲप तो न सांगता बंद करून टाकतो. स्वस्त फोनवर हे हमखास घडते, आणि खेड्यात फोन स्वस्तच असतात. म्हणून 'वाचक बाहेर पडताना खूण लिहू' असा बेत चालत नाही. प्रत्येक पडदा उलटताना ती लिहिली पाहिजे. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, ॲप घडवणाऱ्यानं असं धरून चालावं की पुढच्या क्षणी दिवा जाणार आहे." मला हे वाक्य फार आवडले.

याच्याच जोडीला आणखी एक. वाचक तळटीप पाहायला जातो, अनुक्रमणिका चाळतो, मागचे एखादे वाक्य शोधतो. तिथून त्याला परतीची वाट हवी. 'जिथे होतात तिथे परत' असे शब्दांत लिहिलेले एक बटण असले, की वाचक बिनधास्त भटकतो.

आता घराघरातली वस्तुस्थिती पाहू. ॲप तयार करणारे बहुधा एक माणूस, एक फोन असे गृहीत धरतात. खेड्यात एका फोनवर तीन वाचक असतात. मुलगी 'श्यामची आई' वाचते, तिचा भाऊ त्याच पुस्तकात तिसऱ्या रात्रीवर असतो, आणि आजीला हरिपाठ हवा असतो. तिघांची खूण एकाच जागी लिहिली तर तिघांचीही हरवणार. म्हणून ॲप उघडताच 'कोण वाचणार?' असे साध्या शब्दांत विचारावे, आणि ज्याची खूण त्याच्यापाशी ठेवावी. उलट प्रकारही असतो. शिक्षकांपाशी फोन एक आणि शाळेचा टॅब एक. टॅबवर ते पुढे गेले आणि फोनवर मागे राहिले, तर कोणती जागा खरी? ॲपने आपल्या मनाने उडी मारू नये. 'टॅबवर आपण बाराव्या प्रकरणात होता. तिथे जायचे का?' असे विचारावे. वाचकाला न विचारता त्याचे पान उलटणे हा उद्धटपणा आहे, मग तो माणसाने करो की यंत्राने.

आता ग्रंथालयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. ते म्हणजे पुस्तक सापडणे. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ फुकट जाऊ नये, या गोष्टीला त्यांनी त्या नियमांत स्थान दिले. फोनवर दहा पुस्तके आहेत तोवर कसेही चालते. दोनशे झाली की पसारा होतो. त्यातून फाइलींची नावे पाहावीत तर कशाचे नाव नुसता आकडा, कशाचे 'नवीन', कशाचे 'नवीन दोन'! फाइलीच्या नावावर विसंबू नये; गाठोड्यातली चिठ्ठी वाचून लेखक, पुस्तक, भाषा यांची नोंद करावी, आणि चिठ्ठी चुकीची असेल तर वाचकाला ती दुरुस्त करता यावी. एका पुस्तकावर 'ह. ना. आपटे' आणि दुसऱ्यावर 'हरि नारायण आपटे' असे असले, तर ते दोन लेखक नव्हेत हे सांगण्याची सोय हवी. अशी नोंदवही ठेवायला फार मोठे साधन लागत नाही. २००० साली निघालेले एस्क्यूलाइट नावाचे छोटेसे कोठार प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्येही असते. हजारो पुस्तकांची नोंद ते सहज सांभाळते.

मराठीच्या बाबतीत मात्र इथे काही खाचखळगे आहेत, आणि ते मराठी माणसानेच दाखवून द्यायला हवेत. पहिला खाचखळगा अनुक्रमाचा. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. पण संगणकाच्या युनिकोड नावाच्या अक्षरसारणीत त्याचा क्रमांक 'ल'च्या लगेच पुढे आहे. नुसत्या क्रमांकाने यादी लावली तर 'काळ' आधी येतो आणि 'कावळा' मागाहून. आपल्या रीतीने कावळा आधी हवा. 'क्ष' तर यंत्र थेट 'क'मध्ये नेऊन घालते. मराठी कोशाच्या सवयीचा वाचक योग्य जागी पाहतो आणि पुस्तक नाही असे समजून निघून जातो. पुस्तक मात्र तिथेच दोन बोटे खाली बसलेले असते.

दुसरा खाचखळगा शोधण्याचा. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'घरीं', 'कां' असे अनुस्वारयुक्त लेखन आहे. आजचा विद्यार्थी शोधणार 'नाही'. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. हक्क संपलेली, म्हणजे फुकट मिळणारी बहुतेक मराठी पुस्तके याच जुन्या लेखनातली आहेत! म्हणून शोध घेताना ॲपने अनुस्वाराकडे आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे थोडे दुर्लक्ष करायला शिकावे. तसेच 'ॲ' हे अक्षर. ते दोन रीतींनी टंकता येते: एकच सबंध अक्षर म्हणून, किंवा 'अ'वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखीच. यंत्राला मात्र दोन. आधी दोन्हींचे रूप एक करून घ्यावे आणि मग शोधावे.

आणि तिसरा खाचखळगा जुन्या फाँटांचा. युनिकोड रुळण्यापूर्वी जो मजकूर टंकला गेला, त्यात पुष्कळदा आत रोमन अक्षरांचे संकेत आणि वर देवनागरीचा मुखवटा असे. असे पुस्तक दिसते मराठी, पण त्यातला शब्द शोधू गेल्यास सापडत नाही, आणि मुखवटा काढला की हाती रोमन अक्षरांची खिचडी येते. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणणे, एवढाच याला इलाज.

आता अक्षराविषयी. इंग्रजी अक्षराला जी ओळ पुरते ती आपल्या अक्षराला पुरत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार. ओळी दाटल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेला भिडतो. म्हणून मराठीसाठी दोन ओळींत अधिक मोकळी जागा हवी, आणि ती कमीजास्त करणे वाचकाच्या हाती हवे. त्यातही भाषेची नोंद महत्त्वाची. २००९ सालच्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे प्रमाण ठरवली. काही फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. पुस्तकाच्या चिठ्ठीवर भाषा 'मराठी' अशी लिहिलेली असेल तर फाँट मराठी वळण देतो. नसेल तर कदाचित हिंदी. एका शब्दाची नोंद, पण पोरांना शाळेत शिकलेले अक्षर पुस्तकात दिसते की नाही हे तिच्यावर ठरते.

बटणांविषयीही एक सूचना. पुष्कळ ॲप नुसत्या चित्रांनी बोलतात. तीन रेघा, तीन टिंबे, दातेरी चाक. शहरी मुलांना त्या सवयीच्या. आमच्या आजींना 'अक्षर मोठे करा' हे शब्दच हवेत. चित्राबरोबर शब्द दिला तर जागा थोडी जाते, पण वाचक राहतो. रंगरंगोटी आणि पान उलटल्याचा खोटा आवाज, यांवर ज्या ॲपने मेहनत घेतली आणि खुणेवर घेतली नाही, ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पुढचा मुद्दा जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा. १९१० साली बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावले आणि आपल्या संस्थानात ग्रंथालयांची मोठी योजना उभी केली. तिच्यात फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या होत्या. पुस्तकांनी भरलेली पेटी गावात येई, गाव ती वाची, आणि मग ती पुढच्या गावी जाई. त्या पेटीचा गुण असा, की ती गावात पोचली की वाचायला बडोद्याची परवानगी लागत नसे. फोनमधले ग्रंथालय तसे असावे. पुस्तक एकदा उतरवून घेतले की नेटवर्क असो वा नसो ते उघडलेच पाहिजे. खूण, टिपण, शोध, सारे फोनच्या आतल्या आत चालावे. आणि एसटी घाटमाथ्यावर येऊन नेटवर्क लागले की मग वाटल्यास बाहेर नोंद करावी.

याला फार जागा लागते असेही नाही. हिशेब करून पाहा. दोनशे पानांचे पुस्तक, पानावर अठराशे चिन्हे धरली तर तीन लाख साठ हजार चिन्हे. देवनागरीच्या एका चिन्हाला नेहमीच्या रीतीने तीन बाइट लागतात. म्हणजे सगळे मिळून सुमारे एक एमबी, आणि ईपबच्या गाठोड्यात ते दाबून बसवलेले असल्यामुळे त्याहूनही बरेच कमी. तेच पुस्तक पानापानाचे फोटो काढून पीडीएफ केले, आणि पानाला शंभर-दोनशे केबी धरले, तर वीस ते चाळीस एमबी. जिथे दिवसाचा डेटा मोजून वापरावा लागतो तिथे हा फरक लहान नाही. आणि उतरवताना मधेच नेटवर्क गेले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. जिथे तुटले तिथून पुढे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे पुस्तक कोणाचे? २००९ च्या जुलैत ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके लोकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. ज्याने ती विक्रीस ठेवली त्याला हक्क नव्हता, हे कारण खरे होते, आणि पैसेही परत दिले. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर घेतलेली टिपणे निरुपयोगी झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. पुढे २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. पण टिपणांना, खुणांना काय किंमत लावणार? आपल्या घरचे पुस्तक दुकान बंद पडले म्हणून कपाटातून नाहीसे होत नाही.

म्हणून ॲप घडवणाऱ्याने दुकानदार न होता ग्रंथपाल व्हावे. वाचकाची पुस्तके आणि टिपणे त्याला हवी तेव्हा बाहेर काढता यावीत, दुसऱ्या फोनवर नेता यावीत. पुष्कळ वेळा पुस्तके ॲपच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली असतात, आणि ॲप काढून टाकले की तीही जातात. ज्या गुरुजींनी महिनाभर बसून दोनशे पुस्तके जमवली, त्यांची ती क्षणात गेली तर ते पुन्हा जमवतील का? शाळेत संगणक असेल त्यांनी कॅलिबर या मोफत साधनाचा उपयोग करावा. कोविद गोयल यांनी २००६ साली हे काम सुरू केले. पुस्तकांच्या चिठ्ठ्या दुरुस्त करणे, एका जातीचे पुस्तक दुसऱ्या जातीत बदलणे, सगळ्यांची एक प्रत जपून ठेवणे, ही कामे ते चांगली करते.

मालकीचे बोलतो आहोत तर लेखकाचा हक्कही विसरता कामा नये. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांना मोकळी झाली. पण आज लिहित्या लेखकाची कादंबरी व्हॉट्सॲपवरून फुकट वाटणे हे वाचनप्रेम नव्हे. मराठी लेखकाच्या हाती आधीच थोडे पडते. त्यातलेही आपण काढून घ्यावे काय? शिक्षकांनी हे मुलांना समजावून सांगावे. पुस्तकावर प्रेम करायचे तर ते लिहिणाऱ्यालाही जगू दिले पाहिजे.

आणि एका वाचकाचा विचार राहिला. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो. २०१३ साली मोरोक्कोतल्या मराकेश शहरी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात पुस्तके तयार करण्याची मोकळीक त्याने दिली, आणि २०१४ साली या कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. कायद्याने दार उघडले. पण ॲपचे बटण जर नुसते चित्र असेल, आणि त्याचे नाव आत लिहिलेले नसेल, तर वाचून दाखवणारे यंत्र 'बटण, बटण' एवढेच म्हणत राहते. प्रत्येक बटणाला मराठी नाव द्यायला एका दिवसाहून अधिक काम नसते. मजकूर युनिकोडमध्ये असला आणि चिठ्ठीवर भाषा बरोबर असली, की फोन आज मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकतो. त्या आवाजाला कीर्तनकाराची गोडी नाही, हे मान्य. पण ज्याला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागत होती, तो आपल्या मनाच्या वेळी वाचू लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांच्या हाती एखादे ॲप देण्यापूर्वी पाच मिनिटे त्याची परीक्षा घ्या. एक ईपब पुस्तक उघडा आणि मधल्या एखाद्या वाक्यावर थांबा. अक्षर मोठे करा. वाक्य जागेवर आहे का? फोन बंद करून चालू करा. तेच वाक्य समोर येते का? नेटवर्क बंद करा. पुस्तक उघडते का? जुन्या पुस्तकात 'नाही' हा शब्द शोधा. 'नाहीं' सापडतो का? आणि शेवटी, आपले पुस्तक व टिपण बाहेर काढून दुसऱ्या फोनवर नेता येते का ते पाहा. एवढ्यात जे उतरेल ते मुलांना द्या, मग ते दिसायला साधे असले तरी चालेल.

माझ्या विद्यार्थ्याने त्या हकीकतीनंतर आपल्या ॲपमध्ये एक बदल केला. आता पुस्तक उघडले की वरच्या बाजूला पानाचा आकडा येत नाही, प्रकरणाचे नाव येते. मी ते त्या गुरुजींना पाठवले, गुरुजींनी मुलीच्या आईच्या फोनवर घातले. परवा गुरुजींचा निरोप आला. मुलीचे 'श्यामची आई' वाचून संपले आहे, आता तिचा भाऊ वाचतो आहे, आणि दोघांची खूण वेगवेगळी राहते.